मामांचा सल्ला आणि महिपतीचं लग्न

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव महिपती. मनानं निर्मळ, पण सांगितलेलं पाळताना मागचापुढचा विचार म्हणून करायचा नाही. त्याला सांगणारे होते दिगंबरमामा. मामा शेअर बाजारात पैसे गुंतवायचे. बाजार चढला की ओट्यावर बसून म्हणायचे, "देश वाढतोय." पडला तरी तेच म्हणायचे.

महिपतीचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. शेवटी शेजारगावची सुलभा सांगून आली. ती त्याला इतकी आवडली, की अळणी आमटीही त्याला गोड लागू लागली.

"हे स्थळ घालवू नगं," मामा म्हणाले. "मी सांगतो तसं वाग."

मुलीकडचे जेवायला येणार होते. आईनं महिपतीला कोंबडा आणायला धाडलं. ओट्यावर मामा फोनवर कुणाला तरी शेअरचं समजावत होते, "मोठं झालेलं महाग पडतं. ल्हान असतानाच घ्यावं आन वाढू द्यावं." महिपतीनं ऐकलं आणि टोपलीभर पिल्लं घेऊन आला. पाहुण्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. पिल्लं ताटांभोवती फिरत होती.

मामांनी कपाळाला हात लावला. "आरं येड्या, डोळं मिटून काय बी घ्यायचं नसतं. मी शेअर घेताना करतो तशी आधी चौकशी करावी. कर्ज किती, कारभार कुणाच्या हातात, समदं इचारावं."

"बरं मामा. पुढच्या येळंला ध्यानात ठेवीन."

पुढची वेळ सुपारीच्या दिवशी आली. बैठक भरली होती. महिपतीनं होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, "तुमच्यावर कर्ज किती हाय?" आणि लगेच पुढं, "आन कारभार कुणाच्या हातात?" सासऱ्यांनी हळूच बायकोकडं पाहिलं. तिला हसू आवरेना, म्हणूनच निभावलं आणि सुपारी फुटली.

त्यानंतर महिपती रोज सायकल मारत सुलभाच्या दारात जाऊ लागला. "ठीक चाललंय न्हवं?" एवढं विचारायचा आणि परत यायचा. तिकडून तक्रार आली, तेव्हा मामा वैतागले.

"आरं, चांगली गोष्ट एकदा पदरात पडली की सारखं बघायला जायचं नसतं. माझे शेअर बघ. घेतले आन इसरून गेलो. पाच वर्सांनी बघितलं, तर दुप्पट."

"बरं मामा. पुढच्या येळंला ध्यानात ठेवीन."

लग्न थाटात झालं. संध्याकाळी आई औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी राहिली. शेजारी मामा नवा फेटा सावरत होते. फुलांनी सजवलेली जीप आली. आतून महिपती एकटाच उतरला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते.

"आरं, सून कुठंय?" आईनं विचारलं.

"तिकडंच. मांडवात."

"मांडवात? का रं?"

महिपतीनं नाक पुसलं. "पदरात पडली न्हवं, आता इसरायचं. मामांनीच सांगितलंय. लई जड जातंय आई, पर पाच वर्सं कळ काढंन. तवर दुप्पट झालेली असंल."