भट्टीच्या गाळातलं सोनं

“सोनं गेलं कुठं?” रणधीरराजा गरजला. “खाणीच्या दगडात तांब्याबरोबर सोन्याचे कण आहेत, असं पारख्यानं शपथेवर सांगितलंय! मग भट्टीतून नुसतं तांबंच कसं निघालं? धर्माजी, तू चोरलंस!”

म्हातारा धर्माजी भट्टीवाला हात जोडून खाली बसला. त्याची लेक चिमा मात्र पदर खोचून पुढं झाली.

“महाराज, बाबांनी गुंजभरही घेतलेलं नाही. तांबं शुद्ध करून उरलेला गाळ भट्टीमागं पडलाय, सोनं त्यात अडकलंय.”

“त्या घाणीत? मग काढून दाखव! पण माझ्यासमोर, आणि विस्तव न पेटवता! धुराआडून घरचं सोनं मिसळाल, मी ओळखून आहे. चार दिवस देतो. नाही जमलं तर धर्माजीचा हात कलम!”

विस्तवाशिवाय सोनं वितळायचं कसं? चिमा रात्रभर तळमळली, आणि पहाटे खुदकन हसली. वितळत नसेल, तर विरघळवू!

दरबारात चिनी मातीची मोठी बरणी आली. चिमानं तीत सूपभर गाळ टाकला, सोनारांकडचं धातू खाणारं तेजाब ओतलं, वर नवसागर घातला. अशी फसफस उठली की सगळ्यांची नाकं झोंबली! दरबारी खोकत खिडक्यांकडं पळाले. राजा मात्र नाकाला शेला लावून हटून बसला.

चौथ्या दिवशी चिमानं वरचं निवळ पाणी काचेच्या भांड्यात घेतलं. हिरवट-पिवळं पाणी!

“हेच का तुझं सोनं?” राजा ओरडला. “फेका ते मोरीत!”

“खुशाल फेका, महाराज! फक्त आधी एवढं सांगा, राज्याचं सोनं मोरीत ओतणाऱ्याचा कोणता हात कलम करायचा? डावा की उजवा?”

राजानं उगारलेला हात हळूच मांडीवर ठेवला.

चिमानं पाण्यात हिराकसाचे हिरवे खडे सोडले. तळाशी तपकिरी साका बसला.

“हा तर पुन्हा चिखलच!”

“डोळ्यांना चिखल, महाराज. गारगोटीला विचारा!”

साका धुऊन, वाळवून तिनं गारगोटीनं घासला, आणि पिवळीजर्द झळाळी आली! पारख्यानं कसोटीवर रेघ ओढली. “बावनकशी, महाराज!”

राजानं धर्माजीला उठून मिठी मारली. “चुकलो रे बाबा! चिमा, माग काय हवं ते!”

“मला काय हवं असणार? भट्टीमागचा गाळाचा ढीग तेवढा द्या. उगाच दारात घाण!”

“घाण?” राजाला हसता हसता ठसका लागला. “अगं लबाडे, अख्खी खाणच मागतेस की! जा, अर्धा ढीग तुझा. आणि माझा अर्धा गाळणारही तूच, आजपासून राज्याची पारखी म्हणून!”