पोटातला करडा ठोकळा

ठोकळ्यांना आणि मोजपट्टीलाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. हैमाताई सिनेमातल्या गाजलेल्या मोटारी प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून अगदी प्रमाणात बनवायच्या. मापात न बसणारा ठोकळा टेबलाखालच्या बरणीत जाई. तिथून कुणी परत आलं नव्हतं.

एकदा निळ्या मोटारीला टेकून पट्टी म्हणाली, “बॉनेट ठोकळ्यांच्या एका ओळीने जास्त लांब आहे.” ताई चष्मा आणायला आत गेल्या, आणि ठोकळे थरथरू लागले.

“त्या आल्या की आपल्यातला कुणीतरी जाणार!” मोटारीचं दार किंचाळलं.

“मग पोटातला करडा जाऊ दे,” टप म्हणाला. “तो कुणाला दिसतोय?”

“अरे, पुढचं आणि मागचं मीच धरून ठेवलंय,” करडा कळवळला. पण भ्यालेल्यांना ऐकू कुठलं येतंय! सगळ्यांनी त्याला रेटून बाहेर ढकललं. तो थेट बरणीत पडला. बॉनेट मागे सरकलं.

“आता बरोबर,” पट्टी म्हणाली.

ताई आल्या. त्यांनी मोटार कौतुकाने उचलली, आणि ती मधोमध तुटून विखुरली. मोडलेल्या मोटारीचे ठोकळे त्या पुन्हा कधीच वापरत नसत. त्यांनी एकेक उचलून बरणीत टाकला.

आत करडा जरा सरकून बसला.

“या,” तो म्हणाला. “इथे पट्टी येत नाही.”