दुसरा एसी

चाकांवरची घरं रस्त्यावर नवीनच दिसू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका घराच्या पोटाखाली एक म्हातारा जनरेटर राबत असे. त्या उन्हाळ्यात मालकांनी छतावर दुसरा एसी बसवला.

“बाबा, दोघांचा भार झेपेल तुम्हाला?” जुन्या एसीने विचारलं.

“नाही रे. पण सांगू कुणाला? माझं बोलणं म्हणजे माणसांना नुसती घरघर.”

तरी तो जीव तोडून ओरडला. मालकीणबाई वैतागल्या. त्यांनी त्याच्यावर जाड गोधडी टाकली आणि दोरीने आवळली. वारा कोंडला. जनरेटर आतल्या आत तापत गेला, जळला आणि कायमचा थांबला.

जुन्या एसीने बाबांना दोनदा हाक मारली. मग त्याचाही पंखा थांबला.

“आता कसं शांत वाटतंय,” बाई म्हणाल्या.