हंडी फुटली की फोडली?

भैरवराजांच्या दरबारात छताला टांगलेली काचेची हंडी फुटली, आणि ती कुणी फोडली हे काही केल्या ठरेना.

हंडी साधीसुधी नव्हती. फिरंगी व्यापाऱ्याने जहाजातून जपून आणून राजांना नजर केलेली. तिच्यात रोज दिवा लावायचं काम मंजुळेचं. त्या संध्याकाळी तिने दिवा लावला, काच चांगली तापली, खाडीवरून गार वाऱ्याचा झोत आला आणि तडकन आवाज झाला.

"महाराज, हंडी फुटली," मंजुळा म्हणाली.

"फुटली नाही, फोडली म्हण. कुणी फोडली?"

"वारा आला, महाराज..."

"मग वाऱ्याला हजर कर."

आता वाऱ्याला कोण धरून आणणार? फिरंगी व्यापारी तिथेच बसला होता. त्याला बाईची दया आली. तो आपल्या भाषेत काहीतरी बोलला. दरबारचा दुभाषा नागेश शेणवी. त्याने घसा खाकरला. "महाराज, पाहुणे म्हणतात, हंडीने स्वतःला फोडून घेतलं."

"का? तिला कसलं दुःख होतं?"

"तसं नव्हे, महाराज. त्यांच्याकडे बोलायची रीतच तशी. आपले गुजराती पेढीवालेही 'फूटी गई' एवढंच म्हणतात. करणाऱ्याचं नाव कुणीच घेत नाही."

"म्हणजे साऱ्या मुलखांनी मिळून चोराला लपवायचं ठरवलंय तर! माझ्या राज्यात आपोआप काही होत नाही. मंजुळे, उद्या दरबारात, माझ्या डोळ्यांदेखत, कुणीही न करता झालेली एक गोष्ट दाखव. नाहीतर हंडी तूच फोडलीस, आणि तू वेशीबाहेर."

मंजुळेचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. या गावाबाहेर तिचं होतं कोण?

सकाळी ती दह्याचं गाडगं घेऊन दरबारात आली. "दूध होतं महाराज, त्याचं दही झालं."

"विरजण कुणी लावलं?"

तिने पिकला आंबा पुढे केला.

"आढी कुणी घातली?"

राजांना मजा वाटू लागली होती. एकदा भाव सांगितला की तसूभर मागे न सरणारे दुकानदार असतात ना, त्यातलेच हे राजे. मंजुळेने आंबा खाली ठेवला, दरबाराच्या मधोमध उभी राहिली आणि भलीमोठी जांभई दिली.

सगळे गारठले. दरबारात जो जांभई देईल त्याची पगडी उतरवावी, असा खुद्द राजांचा हुकूम होता.

"हुकूम ठाऊक नाही का गं तुला?"

"ठाऊक आहे, महाराज. पण मला पगडी कुठंय?" असं म्हणून तिने दुसरी दिली, पहिलीपेक्षा सावकाश. रात्रभराचं जागरण, सोंग करायची गरजच नव्हती.

नागेश शेणव्याने उपरणं तोंडाशी नेलं. फिरंगी टोपीआड लपला. राजांनी दात आवळले, नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि अखेर तोंड उघडलंच. मागे चवरी ढाळत उभ्या असलेल्या धाकूने वर्षानुवर्षांच्या सवयीने राजांच्या तोंडापुढे चुटकी वाजवली. भर शांततेत ती सगळ्यांनी ऐकली.

मंजुळेने हात जोडले. "महाराज, ही जांभई कुणी दिली?"

राजांनी चटकन तोंड मिटलं.

"आपण दिली म्हणावं, तर हुकूम आपलाच आहे."

राजांचा हात नकळत पगडीकडे गेला. "तू द्यायला लावलीस मला."

"मी? म्हणजे दिवे लावणारी बाई इथं खाली उभी राहून राजांचं तोंड हवं तेव्हा उघडते, असं पाहुण्यांनी आपल्या देशात जाऊन सांगायचं?"

नागेश शेणवी फिरंग्याच्या कानाशी वाकला.

"शेणवी, एवढं राहू द्या," राजे घाईने म्हणाले.

"मग दिली कुणी, महाराज?"

राजांनी बराच वेळ छताकडे, हंडीच्या रिकाम्या आकड्याकडे पाहिलं. "कुणी दिली नाही," ते पुटपुटले. "आली."

"हंडीचंही तसंच झालं, महाराज."

राजे चिडून धाकूकडे वळले. "आणि तू रे? चुटकी कशाला वाजवलीस?"

"वाजवली नाही, महाराज," धाकू काकुळतीने म्हणाला. "वाजली."

मग मात्र राजांना हसू आवरेना. पोट धरधरून हसले, आणि दरबार त्यांच्या मागोमाग. हसता हसताच त्यांनी डोक्यावरची मोत्याच्या तुऱ्याची पगडी उतरवली आणि मंजुळेच्या हातात ठेवली.

"घे. पुढच्या वेळी इथं जांभई दिलीस, तर उतरवायला काहीतरी असू दे."