उसना बिल्ला

फार पूर्वी, घरं मातीविटांची आणि छतं कौलांची असत त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. त्या नगरात भिंतींना गिलावा करणारा एक कारागीर राहत होता. त्याचा हात इतका सफाईदार, की त्याने थापी फिरवलेल्या भिंतीवर माशीसुद्धा बसताना घसरेल, असं लोक गमतीने म्हणत. स्वभावाने तो गोड होता. ज्या घरी काम करी, त्या घरचाच होऊन जाई.

नगराचा एक नियम होता. गिलावा करायला, रंग द्यायला कुणाची आडकाठी नव्हती. पण कुणाच्या घराची भिंत पाडायची किंवा छताला हात लावायचा, तर कारागिराकडे तांब्याचा बिल्ला असावा लागे. नगराचे एक वृद्ध पारखी होते. ते चौकात सर्वांसमोर परीक्षा घेत आणि जो उतरेल त्याला बिल्ला देत. काम चालेल तोवर तो बिल्ला त्या घराच्या दारावर टांगलेला असे.

त्यावरून लोकांनी आपली एक रीत पाडली होती. दारावर बिल्ला नसताना घरात ठोकाठोक सुरू झाली, की बायका लेकरांना घेऊन शेजारी जाऊन बसत. बिल्ला असला तर मात्र कुणी घर सोडत नसे. इकडे कारागिराचं काम चाले, तिकडे स्वयंपाक चाले. अशा वेळी घराबाहेर जाणं म्हणजे बिल्लेवाल्याचा अपमान, असं मानत.

गिलावेवाला परीक्षेला कधी गेलाच नव्हता. चार माणसांसमोर चुकलो तर लोक हसतील, ही त्याला भीती. पुढे वय वाढलं, तशी लाजही वाढली.

एक दिवस त्याचा मित्र विणकर त्याला म्हणाला, “मला रुंद सतरंज्यांचा माग बसवायचाय. मधली भिंत काढली तरच तो नीट मावेल. तू जमवशील का?”

“मला ते येत नाही” असं म्हणणं सोपं होतं. पण जिवलग मित्रापुढे ते शब्द गिलावेवाल्याच्या तोंडून निघेनात. तो म्हणाला, “गवंडीदादाला सांगतो. त्याच्या हाताखाली मीच करीन.”

गवंडीही लहानपणापासूनचा सोबती. त्याच्याकडे बिल्ला होता, पण तो शेजारच्या गावी विहीर बांधण्यात गुंतला होता.

“मला महिनाभर सवड नाही रे,” गवंडी म्हणाला.

“तू येऊ नकोस. नुसता बिल्ला दे. विहिरीवर तो कोण बघतंय?”

“आणि भिंत?”

“बांधायला अक्कल लागते, गड्या. पाडायला काय लागतं?”

गवंडी हसला. मित्राला नाही म्हणणं त्यालाही जड गेलं. त्याने गळ्यातला बिल्ला काढून दिला.

विणकराने नवा माग बाहेरच्या खोलीत आणून ठेवलाच होता. बिल्ला दारावर लागला, तसा गवंडीदादा येईलच असं समजून तो निश्चिंतपणे सूत आणायला बाजारात गेला. गिलावेवाला शिडीवर चढला आणि वरच्या विटा एकेक काढू लागला. पलीकडे विणकराची बायको भाकरी थापत होती. छताच्या मोठ्या तुळईला पाळणा बांधलेला होता आणि त्यात तिचं तान्हं लेकरू झोपलं होतं.

विटांचे दोन थर निघाले. मग गिलावेवाल्याचं लक्ष पाळण्याकडे गेलं. मघाशी तो जमिनीपासून चांगला वीतभर वर झुलत होता. आता त्याचा तळ जमिनीला घासत होता. तुळई खाली येत होती. ज्या भिंतीला तो नुसता आडोसा समजत होता, तीच तुळईचा भार पेलून उभी होती.

त्याने काम थांबवलं. तरी नाव जाऊ नये म्हणून तो बोलला, “वहिनी, फार धूळ उडणार आहे. बाळाला घेऊन जरा बाहेर बसता का?”

ती हसली. “अहो भाऊजी, गवंडीदादांच्या बिल्ल्याखाली धुळीला काय भ्यायचं? शेजारणी मलाच नावं ठेवतील. आणि भाकरी तव्यावर आहे माझी.”

वर कुठेतरी लाकूड करकरलं.

गिलावेवाला शिडीवरून उतरला आणि तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. “वहिनी, गवंडीदादा येणारच नाही. बिल्ला मी नुसता मागून आणलाय. मला हे काम येत नाही. लेकराला उचला आणि बाहेर पडा.”

तिने भाकरी तव्यावर तशीच सोडली, लेकराला छातीशी धरलं आणि अंगणात धावली. तो तिच्या मागोमाग बाहेर पडला, तोच तुळई खाली आली आणि कौलांचा ढीग नव्या मागावर कोसळला.

बातमी कळताच गवंडी धावत आला. पारखीही आले. बाजारातून परतलेला विणकर मोडक्या मागाकडे बघत राहिला. त्याने मित्राकडे मान वळवून पाहिलं नाही.

गवंड्याने बिल्ला पारख्यांच्या पायाशी ठेवला. “चूक माझीही आहे. मित्राला मदत करतोय असंच मला वाटलं.”

पारख्यांनी विणकराच्या बायकोला विचारलं, “तुझं काय म्हणणं आहे, बाई?”

ती हळू आवाजात म्हणाली, “भिंत उद्या उभी राहील, मागही होईल. चूक कुणाच्याही हातून होते. पण दारावर बिल्ला नसता, तर मी सकाळीच लेकरू घेऊन शेजारी गेले असते. मी लेकरू इथे झोपवलं ते त्या बिल्ल्याच्या शब्दावर. आणि तो शब्द कुणी दिलेलाच नव्हता.”

गिलावेवाल्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

पारखी त्याला म्हणाले, “तू वेळेवर खरं बोलला असतास, तर मागही वाचला असता. उशिरा का होईना बोललास, म्हणून लेकरू तरी वाचलं. तेवढं तुझ्या पदरी राहू दे.” मग त्यांनी निवाडा दिला. दोघांनी मिळून घर पुन्हा उभं करायचं, मागही करून द्यायचा आणि ते काम पूर्ण होईपर्यंत गवंड्याचा बिल्ला पारख्यांकडे राहायचा. पारखी स्वतः रोज कामावर येऊन बसत. भिंत कशावर उभी असते आणि तिच्यावर काय उभं असतं, हे गिलावेवाला त्यांच्यासमोर पहिल्यांदा शिकला. विणकर आधी गप्प गप्पच असे. मग एका दुपारी त्याने न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढच्या परीक्षेच्या दिवशी चौकात कोवळ्या पोरांची रांग लागली. त्यांच्यामागे गिलावेवाला येऊन उभा राहिला.

“काका, केस पिकले की,” एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. “आता कसली परीक्षा देताय?”

गिलावेवालाही थोडं हसला. म्हणाला, “उशीर झाला खरा, बाळांनो. पण मला चुकायचंच असेल तर इथे, तुमच्यापुढे चुकू दे. कुणाच्या राहत्या घरात नको.”

आणि तो रांगेत एक पाऊल पुढे सरकला.

तात्पर्य: “मला येत नाही” म्हणण्यात थोडी लाज वाटते, पण ती आपली आपल्यापुरती असते. न येणारं काम उसन्या नावावर केलं, तर त्याची किंमत विश्वासाने दार उघडणाऱ्याला मोजावी लागते.