शंभर रुपयांचं, पण कशाचं?

एकदा एक शिष्य तीन देशांचे पगार एका तक्त्यात मांडून आपल्या गुरूंकडे आला. शिष्य म्हणजे चाळिशीला टेकलेला गृहस्थ, पेशाने प्रॉडक्ट मॅनेजर. मोबाइलवरच्या एखाद्या सोयीत काय असावं आणि काय नसावं, हे ठरवणं त्याचं काम. गुरूही कोणी जटाधारी नव्हेत. महागाईचा निर्देशांक काढण्यासाठी तीस वर्षं बाजारोबाजार हिंडून भाव टिपणारे ते एक निवृत्त सरकारी नोकर. संध्याकाळी आळीतल्या मुलांना फुकट गणित शिकवत. शिष्य त्यांच्याच हाताखाली आकडेमोड शिकला होता आणि अजूनही दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला येई.

त्या रविवारी त्याच्याकडे तीन नोकऱ्यांची पत्रं होती. एक इथलंच, पगारवाढीचं. दुसरं आखाती देशातलं आणि तिसरं दूर उत्तरेकडच्या एका थंड देशातलं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. घरात माणसं तीन: तो, पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी शर्वरी. मुलीच्या पायांत जन्मापासून बळ नाही. ती चाकाच्या खुर्चीत बसते. शाळेच्या वाटेवर जिथे जिना, गटार किंवा तुटका फुटपाथ येतो, तिथे बाप तिला खुर्चीतून उचलून घेतो.

"सर, मी नुसतं रुपयांत रूपांतर केलेलं नाही हं," शिष्य म्हणाला. "तेवढा कच्चा नाही मी. कर वजा केला, घरभाडं वजा केलं. दूध, तांदूळ, पेट्रोल, डॉक्टर, सगळ्याचे तिथले भाव धरून कुठल्या पगारात खरं किती येतं ते काढलंय. आखात पहिलं, आपण दुसरे. उत्तरेचा पार तळाला. तिथे नुसते केस कापायला आपला आठवड्याचा भाजीपाला जातो!"

"मग अडलं कुठे?"

"कुठेच नाही. तुम्ही एकदा नजर टाका, म्हणजे उद्या आखातवाल्यांना होकार कळवतो."

सरांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बेरजेत चूक नव्हती. मग त्यांनी खिशातून शंभराची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. "कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर रुपयांचं घेऊन ये."

"कशाचं?"

"शंभर रुपयांचं. जा."

शिष्य गेला. त्याने दुकानदाराला निरोप जसाच्या तसा सांगितला. दुकानदार पिशवी उघडी धरून त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. "अहो साहेब, शंभर रुपयांचं, पण कशाचं? साखर देऊ, साबण देऊ, काय देऊ?" मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आधी काय हवंय ते ठरवा, आणि मग या रांगेत." दुकानातली चार माणसं हसली. शिष्य नोट तशीच घेऊन परतला तो चांगलाच चिडून.

"सर, वेड्यात काढलं लोकांनी मला!"

"दुकानदाराने एकच प्रश्न विचारला ना?" सर शांतपणे म्हणाले. "तोच प्रश्न तू या तक्त्याला विचारला नाहीस. अरे, तीस वर्षं मी सरकारी यादी घेऊन हिंडलो. तांदूळ, तेल, कापड, घरभाडं, सगळं ठरलेल्या प्रमाणात. एका वर्षी आमचा आकडा सांगत होता की महागाई जेमतेम वाढली. त्याच वर्षी बाजारात एका म्हातारीने मला अडवलं. म्हणाली, 'साहेब, तुमच्या वहीत माझं औषध आहे का?' नव्हतं. तिची निम्मी पेन्शन त्या औषधावर जायची, आणि ते दुपटीने महागलं होतं. माझं गणित बरोबर होतं रे. पण ती यादी सगळ्यांची होती, म्हणूनच तिची नव्हती. देश चालवायला सरासरी लागते. घराला घरची यादी लागते. तू कंपनीत काही बनवण्याआधी वीस गिऱ्हाइकांपुढे बसून विचारतोस की तुमची अडचण काय. घरातल्या दोघींना विचारलंस?"

"शर्वरी आहे की तक्त्यात," शिष्य घाईने म्हणाला.

"कुठे?"

"अकराव्या ओळीत. शाळेची फी." बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी त्याने घरी विचारलं. पत्नी म्हणाली, "माझं भाषांतराचं काम कुठूनही होतं. हिला विचार. तीन आठवडे वाट बघतेय मी, तू हिला कधी विचारतोस म्हणून." शर्वरीने फारसा विचार केला नाही. "बाबा, मला एकदा कुणी न उचलता शाळेत जायचंय. एकटीला."

मग शिष्याने भाव पाहणं सोडलं आणि दोन्हीकडच्या ओळखीच्यांना फोन लावून एवढंच विचारलं, की खुर्चीतली मुलगी तिथे एकटी शाळेत जाऊ शकेल का. आखातातला म्हणाला, "गाडी आहे, ड्रायव्हर मिळेल, तो उचलेल." उत्तरेतला म्हणाला, "आमच्या इथे बस खाली झुकून फुटपाथला टेकते. शेजारची मुलगी खुर्ची घेऊन स्वतःच चढते." इथलं उत्तर त्याच्या पाठीच्या मणक्यांना ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी तो सरांकडे आला. "तळाचं घेतलं, सर."

"हातात काय उरेल?"

"फार काही नाही. केस घरीच कापू." दोघंही हसले. मग शिष्याने नोट पुढे केली. सरांनी ती घेतली नाही. "राहू दे. आणायचं बाकी आहे अजून." मग ते म्हणाले, "रविवारचा चहा माझ्या यादीत फार वर होता. तो मला आता परवडणार नाही. पण तुझी यादी बरोबर आहे." शिष्याने वाकून नमस्कार केला.

पाच महिन्यांनी एका सोमवारी दुपारी सरांचा फोन वाजला. थंड देशात तेव्हा सकाळ होती.

"सर, शर्वरी आत्ता एकटी गेली. बसमध्ये चढली, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी खिडकीत उभा आहे." मग तो म्हणाला, "हात रिकामे आहेत, सर. त्यांचं काय करावं तेच कळत नाहीये."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आणलंस," ते म्हणाले. "शंभर रुपयांचं."