खालची घंटा

“आत्ता ताठ आहे. वीस पावसाळे जाऊ देत, हिलाही खालचीच घंटा लागेल.”

फार जुनी गोष्ट आहे, कोणत्या राजाच्या काळची ते कोणालाच आठवत नाही. एका नव्या सुनेच्या कानावर हे वाक्य पडलं. ते तिच्यासाठी नव्हतं. ती ताकाचे पेले घेऊन दाराआड उभी होती आणि ओसरीवर सासरे, थोरले दीर आणि तिचा नवरा बसले होते. बोलले सासरे. हसले मात्र तिघेही.

आता ही खालची घंटा काय, ते सांगायला हवं.

ते गाव पैलवानांचं. घराघरांत मुद्गलांच्या जोड्या, सासरे तर तालमीचे वस्ताद. गावात देवीचं देऊळ होतं आणि त्यात दोन घंटा होत्या. एक वर, उभ्या माणसाचा हात सहज पोहोचेल अशी. दुसरी तिच्या शेजारीच, पण लांब साखळीनं बरीच खाली सोडलेली. ती बायकांसाठी. कारण त्या गावातल्या बायका चाळिशी आली की कंबरेत वाकत, आणि वरच्या घंटेला त्यांचा हात पुरत नसे. दर दहा-बारा वर्षांनी साखळीत एक कडी वाढे. पाहुणा आला की गावकरी त्याला ती साखळी कौतुकानं दाखवत आणि म्हणत, बघा, आमच्याकडे बायकांची किती काळजी घेतात.

बायका वाकतात कशानं, हे कोणी विचारलं नव्हतं. कडी वाढवणं सोपं होतं.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी सुनेनं नवऱ्याला हळूच विचारलं होतं, तालमीतला एखादा जुना, हलका मुद्गल घरी मिळेल का. माहेरी ती नदीत पोहायची, टेकडी चढायची. सासरी आल्यापासून पाठ भरून येई आणि जिना चढताना दम लागे. नवऱ्यानं ही गोष्ट ओसरीवर गंमत म्हणून सांगितली. सासरे म्हणाले, बाईमाणसाला वेगळा व्यायाम कशाला हवा, जातं आहे, मुसळ आहे, विहीर आहे, घर हीच तिची तालीम. आणि मग ते घंटेचं वाक्य.

सुनेनं ताक नेऊन दिलं. त्यात मीठ नव्हतं. ती विसरली असेल, असं त्यांना वाटलं.

राग आला की कोणी रडतं, कोणी भांडी आपटतं. हिनं दिवसभर स्वतःकडे नीट पाहिलं. झाडताना पुढं वाकली. चुलीशी पुढं वाकली. दळताना, सारवताना, घागर ओढताना, धुणं धुताना पुढं वाकली. डोक्याच्या वर हात जायचा तो फक्त शिंक्यावरचं दही काढताना, आणि ते शिंकंही सासूबाईंनी केव्हाच खाली बांधून घेतलं होतं. जात्यानं कंबर बळकट होत असती, तर या घरात सगळ्यांत बळकट कंबर सासूबाईंची असायला हवी होती. त्यांना तर चालताना आपली पावलंच तेवढी दिसत. तालमीतल्या मुद्गलांना दर आठवड्याला तेल मिळे. सासूबाईंच्या कंबरेला कधीमधी, तेही उरलं तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष जेवून आडवे झाले, तशी ती धान्याच्या खोलीत गेली. मुद्गल नव्हता, आखाड्याची माती नव्हती. भिंत होती. तिनं टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवलं आणि दोन्ही हात वर सरकवत नेले. जिथं बोटं थांबली, तिथं कुंकवाची खूण केली. मग तोंड भिंतीकडे करून तिला तळहातांनी रेटलं, छाती जवळ नेली, परत लांब केली. उंबऱ्यावर चवडे टेकवून टाचा उचलल्या. सावकाश खाली बसली आणि हाताचा आधार न घेता उठली. पहिल्या दिवशी सगळं पाच-पाच वेळाच जमलं, आणि श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला. पण ती रोज येत राहिली.

आठवड्याभरात सासूबाईंनी पाहिलं.

“सूनबाई, भिंत पडतेय का गं?”

“नाही आत्याबाई. मी पडू नये म्हणून.”

सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी असलं केलं असतं तर झपाटली म्हणून अंगारा लावला असता. एवढं बोलून त्या निघून गेल्या. ओसरीवर मात्र चकार शब्द बोलल्या नाहीत. उलट दुपारी कोणी त्या बाजूला फिरकलंच, तर त्या मोठ्यानं खोकत.

पुढच्या पंधरवड्यात सुनेला भिंतीवर कुंकवाची दुसरी खूण दिसली. तिच्या खुणेपेक्षा दोन विती खाली.

दुसऱ्या दिवशी दोघी भिंतीशी शेजारी उभ्या राहिल्या. सासूबाई कण्हत म्हणाल्या, “मी म्हणजे वाळलेलं लाकूड. आता कुठली वाकतेय?”

“वाकायचं नाहीच आहे, आत्याबाई. ते पुष्कळ झालं.”

सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांनाच खोकावं लागलं.

खूण वर जायला वेळ लागला. महिन्यात एक बोट, कधी तेवढंही नाही. एखाद्या दिवशी पाठ दुखे, मग त्या दिवशी नुसता दीर्घ श्वास. असे दोन पावसाळे गेले.

मग देवीची जत्रा आली आणि लोहार नवी कडी घेऊन आला. गावची रीत अशी, की वस्तादाच्या बायकोनं घंटेखाली उभं राहून हात उंच करायचा. हात थांबेल तिथं घंटा. एकदा उंची ठरली की पुढची दहा-बारा वर्षं गावातल्या साऱ्या बायकांना तीच.

सून मागच्या रांगेत उभी होती. आज हात खाली थांबला असता, तर तिचं स्वतःचं म्हातारपण त्या साखळीत ओवलं गेलं असतं.

सासूबाईंनी हात उचलला. तो खालच्या घंटेच्या वर गेला. लोहारानं कडी खाली ठेवली. हात आणखी वर गेला आणि थांबला. तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्यावर उचलत तशा टाचा उचलल्या. मधलं बोट वरच्या घंटेच्या लोलकाला जेमतेम लागलं आणि एक बारीक, अर्धा नाद झाला. त्या गावात चाळिशी उलटलेल्या कुठल्या बाईच्या हातून तो आजवर झाला नव्हता.

गावकरी थक्क झाले. वस्तादांनी मिशीवर हात फिरवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, “मी सांगत नव्हतो? जात्याचा प्रताप. घरकामासारखा व्यायाम नाही.”

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण शेवटचं बोलणं मला सुनेसाठी राखून ठेवायचं आहे. लोहार कडी घेऊन परत गेला. खालची घंटा वर्षभरानं उतरवली आणि ती गुराच्या गळ्यात गेली. घराघरांत दुपारचा एक प्रहर बायकांचा झाला, आणि त्या वेळात पाणी भरायचं काम ज्यांच्या दंडांचा गावाला अभिमान होता, त्यांच्याकडे आलं. पहिल्या दिवशी थोरल्या दिरांची कंबर धरली. भिंती कुंकवानं भरल्या.

आणि हे सगळं झालं, ते त्या दिवशी देवळात, दोन वर्षं गप्प राहिलेली सून पुढं येऊन जे बोलली, त्यानं. तिनं पदर सावरला, आवाज चढवला नाही, आणि म्हणाली:

“मामंजी, जात्यानं कंबर सरळ झाली असती, तर ही साखळी एवढी लांब झालीच नसती. आत्याबाई चाळीस वर्षं दळत होत्या, तेव्हा वाकल्या. रोज घटकाभर स्वतःसाठी उभ्या राहिल्या, तेव्हा सरळ झाल्या. ते श्रेय तरी जात्याला देऊ नका. ज्या कष्टानं पाठ वाकते, त्याला व्यायाम म्हणू नये.”